ए२ परवाना आणि ३५ किलोवॅटची मर्यादा: मोटारसायकलला रिस्ट्रिक्टर बसवताना

भारतात एकदा ‘गिअरवाली मोटारसायकल’ असा शिक्का परवान्यावर बसला की शंभर सीसीच्या गाडीपासून लिटरभर इंजिनाच्या राक्षसापर्यंत काहीही चालवा, कायदा आडवा येत नाही. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी पोरापोरींना म्हणूनच इथल्या परवान्याच्या पायऱ्या विचित्र वाटतात. सतराव्या वर्षी ए१, म्हणजे १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी ए२, म्हणजे ३५ किलोवॅटपर्यंत. मोठ्या गाडीची ताकद या मर्यादेत आणणारं किट म्हणजे रिस्ट्रिक्टर. त्याच्यावर ‘ए’, ज्याला ताकदीची मर्यादा नाही. तो थेट परीक्षा देऊन चोविसाव्या वर्षी मिळतो, किंवा ए२ घेऊन दोन वर्षं झाली असतील तर एकविसाव्या वर्षी. ही रचना १९ जानेवारी २०१३ पासून लागू आहे. हा लेख इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरता आहे. उत्तर आयर्लंडची परीक्षा-व्यवस्था वेगळी आहे.

भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. पण भारताचा परवाना इथल्या परवान्याशी बदलून मिळत नाही. वर्ष संपलं की इथला प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ परवाना काढायचा, सीबीटी हे एका दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण करायचं, मग लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिकाचे दोन मॉड्युल. गावाकडे दहा वर्षं बुलेट चालवली असली तरी सुटका नाही.

आधी ठरवा: रिस्ट्रिक्टर हवाच आहे का?

वय चोवीस किंवा जास्त असेल तर या भानगडीत पडू नका, सरळ ‘ए’ची परीक्षा द्या. परीक्षा तेवढ्याच, फक्त गाडी मोठी.

एकोणीस ते तेवीसमधल्यांनीही गाडी घेण्याआधी एक यादी बघावी. कारखान्यातूनच ए२च्या मर्यादेत येणाऱ्या गाड्या आता भरपूर आहेत. होंडाची सीबी५००एफ ३५ किलोवॅटचीच आहे. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० साधारण तेवढीच ताकद देते आणि वजनाने दोनशे किलोच्या वर आहे, म्हणून काहीही न बसवता चालते. पुण्याजवळ चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० तर २९.५ किलोवॅटची. दोन वर्षांनी तसाही दुसरी गाडी घेण्याचा विचार असेल तर यातलीच एक घ्या आणि पुढचं वाचू नका.

रिस्ट्रिक्टरला अर्थ आहे तो तीच गाडी पुढे पूर्ण ताकदीने वापरायची असेल तर. किंवा एखादी चांगली जुनी सहाशे-साडेसहाशे सीसीची गाडी स्वस्तात मिळत असेल तर.

तीन आकडे, आणि तिघांचं एकमेकांशी असलेलं वैर

ए२चा नियम तीन भागांचा आहे. बसवल्यानंतरची ताकद ३५ किलोवॅटपेक्षा जास्त नको. ताकद भागिले वजन हे प्रतिकिलो ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नको. आणि मूळ गाडीची ताकद ही कमी केलेल्या ताकदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो. माणसं फसतात ती दुसऱ्या-तिसऱ्यात.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पूर्ण ३५ किलोवॅट वापरायचे तर गाडी किमान १७५ किलोची हवी. गाडी १६० किलोची असेल तर तिला ३२ किलोवॅटच परवडतात. हलक्या एक-सिलिंडर गाड्यांना ‘३५चं किट’ लावून मोकळं होता येत नाही ते यामुळे. हे वजन चालू अवस्थेतलं, चालवणारा सोडून. जाहिरातीतलं ‘ड्राय वेट’ धरू नका, ते नेहमी कमी दिसतं.

दुपटीचा नियम जास्त चावरा आहे. ३५ची दुप्पट ७०. म्हणून पहिल्या पिढीची यामाहा एमटी-०७ (सुमारे ५५ किलोवॅट), कावासाकी झेड६५० (सुमारे ५०), सुझुकी एसव्ही६५० (सुमारे ५६) या गाड्या बिनधास्त चालतात. एमटी-०९ ला ३५चं किट लावून काही उपयोग नाही, मूळ गाडीच ७०च्या कितीतरी वर आहे. होंडा सीबी६५०आर बरोबर ७०ची, म्हणजे काठावर. इथे गंमत बघा: अशा गाडीची ताकद जरा जास्तच कमी करून ३४ वर आणली, तर दुप्पट होते ६८ आणि गाडी नियमाबाहेर जाते. जास्त सावधपणा इथे अंगाशी येतो.

याच हिशेबाने जुन्या किटचा सापळा समजतो. २०१३ पूर्वी मर्यादा २५ किलोवॅट, म्हणजे ३३ बीएचपी होती. त्या काळातली वॉशर (हवा अडवणारी भोकाची चकती) लावलेल्या गाड्या अजून बाजारात येतात आणि विकणारा सांगतो, ‘ही तर आणखी कमी ताकदीची, चालणारच.’ पण २५ची दुप्पट ५०. नव्वदीतली होंडा सीबी५०० मूळची ४३ किलोवॅटच्या आसपास, ती यात बसते. सुझुकी बँडिट ६०० मूळची ५७ची, ती बसत नाही. तिला ३३ बीएचपीची जुनी वॉशर काढून ३५ किलोवॅटचं किट घालावं लागतं.

एककांचा घोळही टाळा. ३५ किलोवॅट म्हणजे ४७ बीएचपीला किंचित कमी, आणि साडेसत्तेचाळीस पीएस. जपानी-जर्मन माहितीपत्रकात पीएस असतं, इंग्रजी मासिकात बीएचपी, आणि विक्रेत्याच्या तोंडी नुसतं ‘हॉर्सपॉवर’. ९५ पीएस म्हणजे ६९.९ किलोवॅट, चालेल. ९५ बीएचपी म्हणजे ७०.८, नाही चालणार. शंका आली की गाडीचं व्ही५सी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक उघडा. त्यात पी.२ या रकान्यात किलोवॅटमध्ये ताकद असते, जी मध्ये वजन, क्यू मध्ये ताकद-वजन गुणोत्तर. जुन्या गाड्यांचे हे रकाने पुष्कळदा कोरे सापडतात. तेव्हा त्या वर्षाच्या मॉडेलची कंपनीची माहितीपुस्तिका बघावी.

किटचे तीन प्रकार

इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी त्याला किती हवा मिळते ते. प्रत्येक रिस्ट्रिक्टर या ना त्या मार्गाने हवाच अडवतो.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना वॉशर लागतात. प्रत्येक सिलिंडरला एक, मधोमध ठरावीक मापाचं भोक असलेली धातूची चकती, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या इनलेट रबरात बसणारी. कमी रेसवर इंजिनाला लागणारी हवा त्या भोकातून आरामात जाते, म्हणून गावात गाडी नेहमीसारखीच चालते. वरच्या रेसवर भोक पुरत नाही आणि ताकद तिथेच थांबते.

केबलच्या थ्रॉटलची इंजेक्शन गाडी असेल तर बहुधा थ्रॉटल स्टॉप. थ्रॉटल बॉडीच्या कप्पीला अडणारा एक खिळा, बुश किंवा पट्टी. मूठ कितीही पिळा, बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी चकती) ठरल्यापेक्षा जास्त उघडत नाही.

मुठीपासून इंजिनापर्यंत केबलच नसलेल्या, म्हणजे राइड-बाय-वायर गाड्यांना ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, वेगळा मॅप भरतात.

कोणताही प्रकार असो, किट तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचंच हवं. ‘यूनिव्हर्सल’ किटच्या वाटेला जाऊ नका, आणि लेथवर वॉशर कातून घेण्याच्या तर मुळीच नाही. भोकाचं माप हे त्या इंजिनावर डायनो (ताकद मोजणारं यंत्र) चालवून काढलेलं असतं. मिलिमीटरभर फरकाने गाडी मर्यादेच्या वर जाऊ शकते, आणि घरच्या वॉशरला प्रमाणपत्र कोण देणार?

वॉशर बसवणं

दोन सिलिंडरची कार्ब्युरेटर गाडी डोळ्यापुढे ठेवून सांगतो, सीबी५०० सारखी. हाताला सवय असेल तर दुपारभराचं काम. चार सिलिंडरच्या गाडीला दिवस धरा. काम तेच, पण चार तोंडं एकाच वेळी रबरात बसवताना घाम निघतो.

हत्यारं: ८, १० आणि १२ मिलिमीटरचे टी-पाने, अ‍ॅलन चाव्यांचा संच, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, चार स्वच्छ फडकी, मास्किंग टेप, मार्कर, सिलिकॉन स्प्रे आणि केस वाळवायचा ड्रायर. स्क्रूड्रायव्हरबद्दल एक जादा शब्द. जपानी गाड्यांचे स्क्रू साध्या फिलिप्ससारखे दिसतात पण जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. कार्ब्युरेटरच्या क्लिपचे स्क्रू तर लोण्यासारखे मऊ. जेआयएस स्क्रूड्रायव्हर पाच-दहा पौंडांत मिळतो. तो आधी घ्या.

१. इंजिन पूर्ण थंड असताना, हवेशीर जागी, शक्यतो मधल्या स्टँडवर गाडी लावा. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल ठेवा. अठरा लिटर पेट्रोल तेरा किलोच्या पुढे भरतं, आणि ती टाकी एकट्याला उचलायची असते. बॅटरीची ऋण तार सोडवा.

२. सीट आणि बाजूची पॅनल काढा. पेट्रोल कॉक बंद करा. काही गाड्यांत कॉक व्हॅक्युमवर चालतो, त्याला दोन नळ्या असतात: जाड पेट्रोलची, बारीक व्हॅक्युमची. दोन्हींना टेप लावून नावं लिहा. टाकीचा मागचा बोल्ट काढून टाकी थोडी वर-मागे घ्या, नळ्या सोडवा, मगच उचला. फोटो काढत चला. संध्याकाळी तेच कामाला येतात.

३. आता कार्ब्युरेटरची जोडी दिसेल. मागच्या बाजूला एअरबॉक्सची रबरं, पुढच्या बाजूला इंजिनाकडची इनलेट रबरं. चारही क्लिपचे स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. सैल करण्याआधी स्क्रूची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते टिपून ठेवा, नाहीतर जोडताना स्क्रूड्रायव्हर पोचेल अशी जागा उरत नाही. एअरबॉक्सचे बोल्ट काढून तो मागे सरकवा.

४. कार्ब्युरेटर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलकेच डोलवत मागे ओढा. जुनी रबरं घट्ट चिकटलेली असतात. ड्रायरने गरम केली की सुटतात. स्क्रूड्रायव्हर घालून कधीही उचकटू नका. रबराला चीर गेली की गाडी तिथून कायमची हवा घेते. वॉशर बसवायला दोन-तीन सेंटिमीटरची फट पुरते, त्यामुळे थ्रॉटल आणि चोकच्या केबली सोडवायची गरज सहसा पडत नाही. जोडी एकमेकींपासून वेगळी करू नका. केली नाही तर सिंक्रोनायझेशन, म्हणजे दोघांचा मेळही बिघडत नाही.

५. तोंड उघडं पडल्या क्षणी इंजिनाच्या दोन्ही छिद्रांत फडकी कोंबा. बाहेर शेपूट लोंबत राहील अशी मोठी. इथे पडलेला नट थेट व्हॉल्व्हपाशी जातो.

६. रबराची आतली बाजू पुसून घ्या आणि टॉर्चने बघा. आधीच कुणी वॉशर घालून ठेवलेलं असेल तर इथेच सापडेल. भेगा दिसल्या तर रबरं बदला, त्याशिवाय पुढे जाऊ नका. आता वॉशर रबरात सपाट बसवा, किटच्या कागदावर दाखवलेल्या बाजूने. बोटाने कडेकडेने फिरवून बघा, कुठेही तिरकं राहता कामा नये. काही मॉडेलना वॉशर रबर आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये जातं. तिथे रबराचे दोन बोल्ट काढावे लागतात आणि ओ-रिंग नवी घालावी लागते.

७. फडकी काढा. मोजून काढा: दोन घातली, दोन निघाली. हे लिहायला हास्यास्पद वाटतं, पण फडकं इंजिनाने ओढून घेतल्याचे प्रकार होतात.

८. रबराला ड्रायरने ऊब द्या, कडेला सिलिकॉन स्प्रेचा हलका हात फिरवा आणि कार्ब्युरेटर सरळ आत दाबा. दोन्ही तोंडं एकदम बसली की हाताला ‘टप’ असं जाणवतं. एक बसलं आणि दुसरं अर्धवट राहिलं असं फार होतं. आरशाचा तुकडा खाली धरून खालची कड नक्की बघा, दोष नेमका तिथेच लपतो. क्लिप रबर किंचित दबेल इतक्याच आवळा.

९. आणि आता या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी. इंजिन बंदच ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. बटरफ्लाय ही गोल चकती आडवी होताना कार्ब्युरेटरच्या तोंडाबाहेर थोडी येते. वॉशर चुकीच्या बाजूने किंवा तिरकं बसलं असेल तर ती त्याच्यावर घासते, कधी तिथेच अडकते. रस्त्यावर याचा अर्थ: मूठ सोडली तरी गाडी पळतेच आहे. मूठ सोडल्यावर ‘खट्’ असा स्वच्छ आवाज येऊन परत आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून हेच दहादा करा. कुठे खरखर लागली, परत यायला आळस वाटला, तर कार्ब्युरेटर पुन्हा बाहेर काढायचा. दुसरा उपाय नाही.

१०. एअरबॉक्स, नळ्या, टाकी, बॅटरी उलट क्रमाने जोडा. टाकी बसवताना खाली थ्रॉटलची केबल किंवा पेट्रोलची नळी चिमटली जात नाही ना, बघा. व्हॅक्युमच्या तोंडावरची छोटी रबरी टोपी हमखास विसरते.

गाडी चालू करून आयडलिंग बघा. वॉशरमुळे आयडलिंग बदलायचं कारणच नाही. बदललं असेल तर कुठेतरी हवा घेतेय. एक्झॉस्ट तापण्याआधी, जोडांवर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा एकेका बाजूने मारा. जिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तिथे गळती. फवारा पेट घेणारा आहे, त्यामुळे हे अंगणात करा, गॅरेजच्या बंद दाराआड नाही.

थ्रॉटल स्टॉप

काम कमी, पण अचूकपणा जास्त. टाकी उचलली की थ्रॉटल बॉडीच्या कडेला केबल गुंडाळलेली कप्पी दिसते. किटमधला स्टॉप तिच्या वाटेत येईल असा बसतो, एक-दोन बोल्टवर. बोल्टच्या आट्यांना मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावायचंच. सुटलेला स्टॉप कप्पीत अडकला तर थ्रॉटल उघडाच राहतो. बसवून झाल्यावर मुठीचा मोकळा खेळ तपासा. तो बहुतेक गाड्यांत काही मिलिमीटरच असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

‘अर्धी ताकद हवी, मग मूठ अर्धी उघडू देऊ’ असा हिशेब करून स्वतः स्क्रू लावणारे बरेच भेटतात. बटरफ्लाय अर्धा उघडला की मिळणारी हवा निम्मी नसते. कमी रेसवर अर्ध्या उघडीपलीकडे ताकद जवळजवळ वाढतच नाही, जास्त रेसवर मात्र खूप वाढते. त्यामुळे स्टॉपची जागा डायनोवरच ठरते आणि किटमध्ये ठरवून दिलेली असते. तिला कानस लावायची नाही.

चालवताना एक सवय मोडावी लागेल. मूठ अडली की आणखी जोर लावू नका. स्टॉप थ्रॉटल बॉडीपाशी असेल तर तो जोर केबलवर येतो. केबल आधी ताणते, मग तिच्या टोकाची एकेक तार तुटायला लागते.

ईसीयूचा मॅप

हे घरी करायचं काम नाही. कंपनीच्या डीलरकडे निदान-यंत्र लावून मॅप भरतात आणि तिथेच कागद मिळतो. न्यायच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करा. मॅप भरता भरता व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. गाडीतला ‘रेन मोड’ म्हणजे रिस्ट्रिक्टर नव्हे. बटण दाबून बदलता येणारी ताकद पोलिसांना दाखवायला निरुपयोगी आहे.

बसवल्यावर गाडी कशी वाटली पाहिजे

खालच्या आणि मधल्या रेसवर फरक जेमतेम. वर गेल्यावर एका जागी ओढ सपाट होते. धक्का नाही, मिसिंग नाही, नुसती ‘बास, एवढंच’ अशी. मोटरवेच्या ताशी ७० मैलांना ३५ किलोवॅट पुरून उरतात.

खालच्या रेसलाच गाडी गुदमरत असेल तर बहुधा वॉशर चुकीच्या मॉडेलचं, किंवा चोक अर्धवट ओढलेला राहिलाय. रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके, आयडलिंग वर-खाली: हवेची गळती. दोन मिनिटं चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा चालू होते: टाकीची हवेची नळी चिमटली आहे. चालूच होत नाही आणि स्टार्टर नुसता फिरतो: व्हॅक्युम कॉकची बारीक नळी लावायची राहिली, किंवा रिकाम्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरलेलं नाही. कॉकला ‘पीआरआय’ खूण असेल तर तिथे मिनिटभर ठेवा, मग नेहमीच्या जागी आणा. आणि काहीच बदललं नाही, गाडी पूर्वीसारखीच उधळते? मग एकच वॉशर बसलंय, किंवा एकही नाही.

डायनोवर खात्री करून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे मागच्या चाकावरची ताकद मोजतात. चेन आणि गिअरमध्ये दहा-पंधरा टक्के जातात. चाकावर ४१-४२ बीएचपी दिसली तर ती मर्यादेतली गाडी आहे. ४७ दिसली तर आनंद मानू नका.

कागद, परीक्षा, विमा

स्वतःच्या गाडीवर ए२ची परीक्षा द्यायची तर ती किमान ३९५ सीसीची आणि २० ते ३५ किलोवॅटची हवी. कमी केलेली असेल तर पुरावा लागतो: कंपनीचा डीलर, अधिकृत आयातदार किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञ यांच्या लेटरहेडवर, गाडीच्या नंबरासह. डायनोचा कागद इथे चालत नाही, आणि नेमका तोच घेऊन जाणारे परीक्षा न देता परत येतात. म्हणून किट स्वतः बसवायचं ठरवलं असेल तर विकत घेण्याआधीच विचारा, ‘प्रमाणपत्र कोण देणार, आणि काय बघून देणार?’ बरेच जण किट घेऊन ते गॅरेजकडून बसवून घेतात ते याच कारणाने. मजुरी जाते, कागद येतो. आमच्या मते पहिल्या गाडीला हाच रस्ता बरा. वरच्या पायऱ्या माहीत असल्या की गॅरेजने नीट केलंय की नाही, हे तरी तपासता येतं. प्रमाणपत्रावर गाडीचा नंबर, चासिस नंबर, किटचा प्रकार, नंतरची ताकद, तारीख, सही-शिक्का एवढं जागच्या जागी वाचून घ्या. एका आकड्याची चूक असली तरी परत लिहून मागा.

विमा कंपनीला कळवणं सोडू नका. ताकद कमी केली तरी तो बदलच आहे. आणि वॉशर काढून ठेवून ए२वर पूर्ण ताकदीची गाडी चालवणाऱ्यांसाठी हिशेब असा: परवान्याबाहेरची गाडी म्हणून परवान्यावर दंडाचे ३ ते ६ पॉइंट, आणि विमाही धरला जात नाही म्हणून वेगळे ६ ते ८. इथला पहिला पूर्ण परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की परवाना रद्द होतो आणि पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात. तुमचा भारतातला दहा वर्षांचा अनुभव त्या मोजणीत धरत नाहीत.

जुनी गाडी ‘रिस्ट्रिक्टेड आहे’ असं सांगून विकत असतील तर कागद मागा, आणि कागद दाखवला तरी टाकी उचलून बघा. प्रमाणपत्र फाइलमध्ये आणि वॉशर आधीच्या मालकाच्या डब्यात, असं सर्रास असतं.

काढताना

दोन वर्षं झाली म्हणून मर्यादा आपोआप सुटत नाही. २०१३ पूर्वी तसं होतं, त्यामुळे जुने लोक अजून तसं सांगतात. आता ‘ए’साठी दोन्ही मॉड्युल पुन्हा द्यावे लागतात, फक्त लेखी परीक्षा आणि सीबीटी माफ. परीक्षेची गाडी किमान ५९५ सीसी आणि ५० किलोवॅटची लागते, म्हणजे तुमची वॉशर लावलेली गाडी चालत नाही, आणि वॉशर काढून ती एकट्याने परीक्षेला नेणं हा वर सांगितलेलाच गुन्हा. बहुतेक जण प्रशिक्षण शाळेची गाडी भाड्याने घेतात.

पास झालात की आधी विमा कंपनीला फोन, त्यांनी नवा हप्ता सांगून होकार दिला की मग पाना. पायऱ्या त्याच, उलट्या. क्लिप आणि ओ-रिंग नव्या घाला. मुठीची ‘खट्’ तपासणी इथेही पूर्ण करा, कारण कार्ब्युरेटर पुन्हा एकदा हललेला असतो. काढलेली वॉशर आणि प्रमाणपत्र एका पिशवीत घालून व्ही५सीसोबत ठेवा. गाडी विकताना एकोणीस वर्षांचा गिऱ्हाईक आला तर त्या पिशवीसह तिला चार पैसे जास्त मिळतात.